मागच्या दाराला धक्का

तीन वर्षं मी लोकांच्या घरांतले चोरीचे अलार्म दुरुस्त करते आहे आणि या तीन वर्षांत मला चोर एकदाही भेटलेला नाही. पाली भेटल्या, कोळी भेटले, उंदीर भेटले, पंख्याच्या वाऱ्यावर हलणारं कॅलेंडर भेटलं. एकदा तर देव्हाऱ्यातली समई भेटली. चोर नसताना अलार्म वाजला की आमच्या कामात त्याला ‘फॉल्स’ म्हणतात. ‘आज परत फॉल्स आला’ असा फोन आला की मी स्कूटीच्या बाजूला घडीची शिडी बांधते आणि निघते. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके माझ्याकडे आहेत. सकाळी कॉलेज, दुपारनंतर हे काम.

दिवाळी अंकासाठी लिहिशील का, असं विचारलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं होतं. अनुभव लिहायचा तो निवृत्त माणसांनी, असं मला वाटतं. मी अजून दुसऱ्या वर्षाला आहे. वेवजी गावातल्या आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. त्यामुळे काही लिहिलं की ते बरोबर आहे का, हे घरात दाखवायला कोणी नसतं. पण एका कामाबद्दल बरेच दिवस मनात आहे. ते सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी यंत्राविषयी थोडं. घरात एक डबा असतो, त्याला पॅनल म्हणतात. दारांना चुंबकाची जोडी लावलेली असते. दार उघडलं, जोडी सुटली की पॅनलला कळतं. खोलीच्या कोपऱ्यात वर एक पांढरा डोळा असतो. तो माणूस ओळखत नाही, हलणारी ऊब ओळखतो. म्हणून मांजरही चालतं त्याला आणि समईची ज्योतही. तिसरा प्रकार हादऱ्याचा. चोर कडी तोडायला लागला, पहार लावली, तर दाराची चौकट थरथरते. ती थरथर हा सेन्सर पकडतो. या तिघांपैकी कोणालाही शंका आली की सायरन वाजतो आणि पॅनलमधलं सिमकार्ड मालकाला मेसेज पाठवतं. मालक बहुतेक मुंबईत असतो. त्याच्या फोनवर फक्त ‘मागचं दार’ एवढे दोन शब्द येतात, आणि त्या दोन शब्दांवरून तो उरलेलं सगळं मनात तयार करतो.

पहिल्या वर्षी लोक दारातच अडवायचे. डहाणू रोडला एक आजी होत्या. माझ्या खांद्यामागे रस्त्यावर बघत म्हणाल्या, “मेकॅनिक मागून येतोय का?”

“मीच आहे, आजी.”

“बरं. मग शिडीवर कोण चढणार?”

“शिडी माझीच आहे.”

त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, “मग चप्पल बाहेर काढ.” काम होईपर्यंत त्या शिडी धरून उभ्या होत्या. वर मी सेन्सर उघडला तर आत पालीची तीन अंडी. आजींनी खालून विचारलं, “फुटली तर नाहीत ना?” मी ती कापसात गुंडाळून खिडकीबाहेर ठेवली, मगच त्यांनी शिडी सोडली.

आमच्याच गावात एका काकांनी स्लॅबचं घर बांधलं आणि अलार्म लावला. ते वापीला कंपनीत जातात. घर दिवसभर बंद, आणि अलार्म दिवसभर चालू-बंद. मी गेले तर हॉलमध्ये भाताची पोती आणि पोत्यांवर मांजर. म्हटलं, काका, मांजर आत ठेवू नका. ते म्हणाले, “मांजर काढली तं उंदीर भात खातील. तुझा भोंगा काढला तं चोर येल. आता तूच सांग पोरी, दोघांतून कोणाला ठेवू?” मी सेन्सरच्या काचेला खालच्या अर्ध्या भागात आतून टेप लावली, म्हणजे गुडघ्याखालचं त्याला दिसू नये. मांजर दुसऱ्या दिवशी सगळ्यात वरच्या पोत्यावर जाऊन बसलं.

अशा गोष्टी सांगायला मजा येते. करताना तेवढी येत नाही. उन्हात वीस-पंचवीस किलोमीटर जायचं, कोळ्याचं जाळं पुसायचं आणि परत यायचं. मालक फोनवर म्हणतो, “बस एवढंच होतं?” त्याला मोठं कारण हवं असतं. छोट्या कारणाचा त्याला राग येतो.

आता आमच्याकडच्या एका शब्दाबद्दल. डहाणू-तलासरीत गेली काही वर्षं जमीन हलते आहे. बाहेरच्यांना ते मोठे धक्के बसले तेव्हा पेपरमधून कळलं. आम्ही शाळेबाहेर अंगणात बसून शिकलो, तंबूत झोपलो. आमच्या घराच्या भिंतीला चीर गेली ती बाबांनी दोनदा लिंपली, मग सोडून दिली. मोठे धक्के कमी झाले, पण बारीकसारीक अजून बसतात. कधी लांबून ट्रक गेल्यासारखा आवाज, भांडं किणकिणतं, संपलं. यासाठी आम्ही कोणी ‘भूकंप’ हा शब्द वापरत नाही. तो शब्द सरकारी कागदावरचा. आम्ही म्हणतो, धक्का. “दुपारी धक्का बसला ना?” “हो, चहा उकळत होता तेव्हा.” एवढंच. कशाचा धक्का, हे सांगावं लागत नाही. सांगावं लागतं हेच माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

आशागडजवळ चिकूच्या एका वाडीत बंगला आहे. मालक मुंबईला असतात. सगळे त्यांना शेठ म्हणतात, मीही म्हणते. घरी ते गुजराती बोलतात, माझ्याशी मराठी-हिंदी-गुजराती एकत्र. वाडी देवजीकाका बघतात. काका आणि काकी बंगल्याच्या मागे दोन खोल्यांत राहतात. त्यांची मुलगी लग्न होऊन गेली, तीही याच खोल्यांतून. बाजूच्या वाडीत चोरी झाली म्हणून शेठनी अलार्म बसवला. पुढच्या दाराला चुंबक, हॉलमध्ये डोळा, मागच्या दाराच्या चौकटीला हादऱ्याचा सेन्सर.

साधारण दीड महिन्यात तो पाच वेळा वाजला. पाचही वेळा मागचं दार. शेठनी आमच्या ऑफिसला तक्रार केली आणि मला पाठवण्यात आलं.

मी चौकट बघितली. कडी जागेवर, कुठे खरचटलेलंही नाही. वायर, बॅटरी सगळं ठीक. काका बाजूला उकिडवे बसून बघत होते.

“काका, कोणी आलेलं का इकडे?”

“कोण येल बाय इकडं? धक्का बसला का तो आरडतो. मी शेठला सांगलाय तसा.”

मला लगेच पटलं. सेन्सर खूप हळवा लावलेला होता. आत एक बारीक स्क्रू असतो, तो मी कमी केला. लागोपाठ तीन हादरे बसले तरच वाज, अशी सेटिंग केली. ओट्यावर मूठ आपटून बघितलं, गप्प राहिला. काकीने चहा ठेवला होता, पण तलासरीला अजून एक काम बाकी होतं. मी गरम चहा बशीत ओतून दोन घोटांत संपवला आणि जाता जाता मोबाइलवर रिपोर्ट भरला.

आमच्या ऑफिसचे राऊतसर नेहमी सांगतात, “रिपोर्टमध्ये निबंध नको. कारण तीन शब्दांत.” मी लिहिलं: ‘मागच्या दाराला धक्का.’ बरोबर तीन शब्द. बटण दाबलं की तो रिपोर्ट ऑफिसला जातो आणि त्याच क्षणी मालकालाही.

दहाएक दिवसांनी त्याच बंगल्याचं काम परत माझ्या यादीत आलं. मला वाटलं, सेटिंग कमी पडली. पण लिहिलं होतं: ‘दुसरा वापरणारा काढणे, नवीन नंबर टाकणे.’ पॅनलमध्ये दोघांचे नंबर असतात. पहिला शेठचा. दुसरा देवजीकाकांचा.

गेले तर मागच्या खोल्यांच्या दारात दोन गाठोडी, एक पत्र्याची पेटी आणि उलटी घातलेली खाट. काकी भांडी चटईत गुंडाळत होती. मला बघून तिने मान खाली घातली. नेहमी “आलीस बाय” म्हणते, ते म्हणाली नाही.

“काय झालं, काका?”

काका म्हणाले, “शेठनी महिन्याचे आखरीला निघायला सांगलाय. दुसरा माणूस येते.”

“पण का?”

काका पेटीची कडी लावायला वाकले. काकीच म्हणाली, “तुजे कागदावर लिवलाय असा बोलला शेठ. कोणी मागचे दाराला धक्का मारला, असा तू लिवलास.”

“मी असं लिहिलं नाही, काकी. धक्का बसला म्हणून लिहिलं. आपला धक्का.”

“आमाला काय वाचता येते?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग काकांनी फोनवरचं बोलणं सांगितलं. शेठनी विचारलं, धक्का कोणी मारला? काका म्हणाले, मारला नाय, बसला. शेठ म्हणाले, आपोआप बसतो का? काका म्हणाले, हो शेठ, आपोआपच बसतो, कधी तं दिवसातून दोनदा. शेठना वाटलं, हा आपली थट्टा करतो आहे. ते म्हणाले, “वीस वरस मी तुला घर दिला, आणि तू मला शिकवते?” काका गप्प बसले. शेठपुढे ते गप्पच बसतात. शेठनी त्याचा अर्थ काढला की दार ढकलणारा हाच.

मी पॅनलसमोर जाऊन उभी राहिले. काकांचा नंबर काढायला अर्धं मिनिट लागतं. राऊतसरांना फोन केला. ते म्हणाले, “अगं, घरातल्या माणसांच्या भानगडीत आपण पडायचं नाही. काम सांगितलंय ते कर.” मी म्हटलं, सर, रिपोर्ट माझा चुकला आहे. ते म्हणाले, “मग दुरुस्त कर. पण पुराव्यानिशी. नुसतं सॉरी लिहिलंस तर ऑफिसचं नाव जातं.”

नंबर काढला नाही. पॅनलच्या नोंदी उतरवून घेतल्या. प्रत्येक वाजण्याची तारीख आणि वेळ त्यात असते. भूकंपाची सरकारी यादी मोबाइलवर बघायला मिळते, ती लावून बघितली. पाचपैकी दोन जुळल्या. उरलेले तीन एवढे बारीक असतील की यादीत नाहीत. दोनवर शेठ ऐकणार नाहीत, हे मला कळत होतं.

तलासरीला एका सराफांच्या घरी तिजोरीला असाच सेन्सर आहे. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी तिकडे गेले. त्यांना खरं सांगितलं की मला फक्त वेळा बघायच्या आहेत. ते म्हणाले, “बघ, पण तिजोरीकडे पाठ करून बघ.” मी पाठ करून बघितल्या. त्यांच्या पॅनलचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं. मी दोन्ही याद्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. चार नोंदी जुळल्या, चारही वेळा बरोबर सात मिनिटांचा फरक. आशागडला आणि तलासरीला एकाच वेळी एक माणूस दार ढकलू शकत नाही. मी वही पिशवीत टाकली.

पाचवी नोंद कुठेच नव्हती. दुपारी चारच्या सुमाराची. त्या दिवशी जमीन हललेलीच नव्हती.

मी परत आशागडला गेले आणि काकीला एकटीला विचारलं. ती बराच वेळ चटईची दोरी सोडत, बांधत राहिली. मग म्हणाली, “ते दिशी मी कांडत होती.” त्यांच्या खोलीतली जमीन धक्क्यांनी फुटली आहे. उखळ तिरपं बसतं. म्हणून काकी शेठ नसताना उखळ उचलून बंगल्याच्या मागच्या ओट्यावर नेते आणि तिथे कांडते. ओटा चौकटीला लागूनच आहे. मुसळाचे ठोके चौकटीत गेले आणि अलार्म वाजला.

“काकी, एवढंच ना? मग हे सांगूया.”

“नको बाय.” तिने माझं मनगट धरलं. “ओट्यावर काही करायचा नाय असा पैल्यापासून सांगलाय शेठनी. तुजे काकालापण ठाऊक नाय. उखळाचा कळला तं बोलेल, आज ओटा घेतला, उद्या घर घेतील.”

मी हो म्हटलं. अजूनही मला ठरवता येत नाही की ते बरोबर होतं का.

संध्याकाळी चिकूच्या झाडाखाली बसून शेठना फोन लावला. काय बोलायचं ते वहीत लिहून ठेवलं होतं.

“शेठ, रिपोर्टमध्ये धक्का लिहिलं ते भूकंपाचं लिहिलं होतं.”

“भूकंप? पण तू तो धक्को लिख्यो ने?”

“इथे भूकंपालाच धक्का म्हणतात.”

ते म्हणाले, “अरे बेटा, एने तो आंचको कहेवाय. धक्को एटले तो कोई माणस मारे.” आणि हसले. खरोखर हसले. त्यांच्या गुजरातीत जमिनीचा तो आंचको, धक्का मारायचा तो माणसानेच. “देवजी पण गांडा जेवो, एकदम येडा, सीधा भूकंप बोलायला काय झाला त्याला?”

“आम्ही कोणीच बोलत नाही, शेठ. रोजचंच असतं ना.”

मी वेळा वाचून दाखवल्या. ते हिशेबी माणूस, सात मिनिटांवर त्यांनी दोनदा अडवलं. एकाचं घड्याळ मागे आहे हे पटल्यावर म्हणाले, “हां. तो पछी देवजी चोर नथी.” मी वही मिटायला घेतली. पण लगेच पुढचा प्रश्न आला. “चार झाला. पाचवा?”

वहीत त्या ओळीपुढे मी काही लिहिलं नव्हतं. म्हटलं, “पाचव्याचं कारण सापडलं नाही.”

तीन वर्षांत मी खोटं कारण कधी दिलं नव्हतं. सापडलं नाही असं अनेकदा लिहिलं, पण तेव्हा ते खरंच सापडलेलं नसायचं.

शेठ म्हणाले, “देख बेटा, देवजी राहू दे. जुना माणूस आहे. पण कारण नाही सापडला ते मला झोप देणार नाही. तू एक काम कर. मागे कॅमेरा लाव. आवाजवाला.”

उखळाचं सांगितलं असतं तर ते रागावले असते, ओरडले असते, कदाचित दोन दिवसांत विसरलेही असते. कदाचित नसतेही विसरले. हे मी खूपदा मनात उलटसुलट करून बघितलं आहे. सेन्सरसारखी माणसाची सेटिंग आधी कमी करून, ओट्यावर मूठ आपटून बघता येत नाही.

त्या प्रसंगानंतर मी रिपोर्टमध्ये ‘मागच्या दाराला भूकंपाचा धक्का’ असं पूर्ण लिहिते. राऊतसर म्हणाले, “चार शब्द झाले.” मी म्हटलं, होऊ द्या.

कॅमेरा मीच बसवला. कामाची नोंद माझ्याच नावावर आली. काका-काकींची गाठोडी सुटली होती, खाट सरळ झाली होती. काका शिडी धरून उभे होते. त्यांचा चेहरा बरा दिसत होता. मी वर स्क्रू पिळत होते तेव्हा त्यांनी दोनदा म्हटलं, “तुजेमुळं राहिलो, बाय.” मला शिडीवरून खाली बघवलं नाही. कॅमेऱ्याच्या नजरेत मागचं दार, ओटा, त्यांच्या खोल्यांचा उंबरा आणि अंगणाचा अर्धा भाग येतो. थोडा वळवून उंबरा वगळता येतो का ते बघितलं, तर दार कापलं जात होतं. शेठ फोनवरून चित्र बघत होते. “बस, बस, एमज राख, असाच ठेव,” ते म्हणाले.

काकीने वर बघत विचारलं, “त्याला ऐकूपण येते?”

“येतं, काकी.”

ती ओट्यापासून दोन पावलं मागे सरकली.

महिन्याभराने बॅटरी बदलायला गेले. सेन्सर शांत होता, एकही फॉल्स नव्हता. माझ्या कामाच्या दृष्टीने याहून चांगलं काही नाही. काका वाडीत पाणी सोडत होते. काकी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होती, पदर डोक्यावर घेऊन. पूर्वी ती काम करताना एकटीच बडबडत असे, कोंबड्यांशी, भांड्यांशी, नाहीतर मुलीच्या नावाने. आता सुपातल्या तांदळाचाच आवाज येत होता. मी “काकी” म्हणून हाक मारली. तिने हात वर करून मला थांबवलं, सूप खाली ठेवलं, आणि काही न बोलता विहिरीपलीकडच्या चिकूच्या झाडांकडे चालायला लागली. मी मागे गेले.

तिसऱ्या झाडाआड ती थांबली. कॅमेऱ्याचा माईक तिथवर पोचत नाही हे मला माहीत होतं. बसवताना मी अंतर मोजलं होतं. तिला ते कसं कळलं, मी विचारलं नाही. मला वाटलं काहीतरी झालं आहे, परत काही आलं आहे शेठकडून. तिने एकदा मागे वळून बंगल्याकडे बघितलं, माझ्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली,

“जेवलीस का, बाय?”

मीही आवाज खाली आणून म्हटलं, “नाही, काकी.”